बिलातली वेगळी ओळ
अमेरिकेतील भुलीच्या मोबदल्याचा इतिहास

१८४२ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील जेफरसन या छोट्या गावात क्रॉफर्ड लाँग नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर प्रॅक्टिस करत होता. त्या काळी तरुण मंडळींत इथर हुंगून झिंगण्याची मौज रूढ होती आणि लाँगही अशा बैठकांत सामील होत असे. झिंगलेल्या माणसाला पडल्याचे, खरचटल्याचे दुखणे त्या वेळी जाणवत नाही, हे त्याच्या लक्षात आले. ३० मार्च रोजी त्याने जेम्स व्हेनेबल या तरुणाला टॉवेलवर इथर ओतून हुंगायला दिले आणि त्याच्या मानेवरची एक गाठ कापून काढली. व्हेनेबलला काही कळले नाही. लाँगने आपल्या हिशेबाच्या वहीत नोंद केली ती अशी, की इथर आणि गाठ काढणे मिळून दोन डॉलर.

लाँगने आपला अनुभव छापून प्रसिद्ध केला तो थेट १८४९ मध्ये. त्यामुळे भुलीचा पहिला प्रयोग कोणाचा, या वादात ही वही पुरावा म्हणून पुढे येते. प्रस्तुत लेखात मात्र ती वेगळ्या कारणासाठी घेतली आहे. भुलीच्या मोबदल्याची ही बहुधा सर्वांत जुनी लेखी नोंद आहे आणि तिच्यात भूल व शस्त्रक्रिया एकाच ओळीत, एकाच आकड्यात आहेत. आज अमेरिकेत एखाद्याची गाठ काढली तर सर्जनचे बिल वेगळे येते आणि भूलतज्ज्ञाचे वेगळे. भूलतज्ज्ञाच्या बिलावर पाच आकडी कोड असतो, त्यापुढे दोन अक्षरी खूण असते आणि किती मिनिटे भूल दिली याचा हिशेब असतो. ही ओळ वेगळी व्हायला सव्वाशे वर्षे लागली आणि ती टिकवण्याची लढाई अजून चालू आहे.

या इतिहासाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. सर्जनचे काम दिसते. गाठ निघते, हाड जुळते, मूल बाहेर येते. भूल देणाऱ्याचे काम उत्तम झाले म्हणजे रुग्णाला काहीच आठवत नाही आणि काहीच विपरीत घडत नाही. जे घडले नाही त्याचे मोल कसे करायचे, आणि ते करताना नेमके काय मोजायचे?

पेटंटची फसलेली वाट

पहिले उत्तर बोस्टनमध्ये शोधले गेले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या सभागृहात इथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. जॉन कॉलिन्स वॉरन या ज्येष्ठ सर्जनने गिल्बर्ट ॲबट नावाच्या रुग्णाच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. भुलीचा सार्वजनिक इतिहास सुरू होतो तो या दिवसापासून. मॉर्टनने मात्र आपण वापरलेले द्रव्य इथर आहे हे लपवले होते. त्याने त्याला ‘लेथिऑन’ असे नाव दिले आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स जॅक्सन याच्याबरोबर १२ नोव्हेंबर १८४६ रोजी पेटंटही मिळवले. त्या पेटंटचा क्रमांक ४८४८.

मॉर्टनचे गणित असे होते की जो भूल देईल त्याने परवाना घ्यावा आणि त्याचे पैसे द्यावेत. म्हणजे मोल द्रव्याचे आणि कल्पनेचे, देणाऱ्याच्या कौशल्याचे नाही. हे गणित काही आठवड्यांतच कोसळले. वास लपत नव्हता. इथर कोणत्याही औषधविक्रेत्याकडे मिळत होते. शिवाय वेदना थांबवण्याच्या उपायावर मक्ता सांगणे अनेक डॉक्टरांना लाजिरवाणे वाटत होते. मेक्सिकोबरोबरच्या युद्धात अमेरिकी लष्करानेच परवाना न घेता इथर वापरले. मॉर्टनने पुढे काँग्रेसकडे एक लाख डॉलर मागितले. प्रस्ताव अनेकदा मांडला गेला, पण दुसरे दावेदार उभे राहत गेले आणि पैसे कधीच मिळाले नाहीत. १८६८ मध्ये तो मरण पावला तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता.

द्रव्याला किंमत लावता येत नाही, एवढे या प्रकरणातून सिद्ध झाले. उरले ते देणाऱ्याचे काम. पण पुढची अनेक दशके अमेरिकेत त्या कामाला फारशी किंमत नव्हती. इथरचा मुखवटा धरायला विद्यार्थी किंवा सर्वांत कनिष्ठ डॉक्टर उभा केला जाई, आणि त्याचे लक्ष बहुतेक वेळा सर्जनच्या हातांकडे असे.

एका पैजेतून आलेला कागद

असाच एक विद्यार्थी होता हार्वे कुशिंग, जो पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा प्रवर्तक म्हणून जगप्रसिद्ध झाला. १८९३ मध्ये हार्वर्डला शिकत असताना त्याला प्रेक्षकांतून खाली बोलावून एका हर्नियाच्या रुग्णाला इथर द्यायला सांगितले गेले. रुग्ण दगावला. असे होतच असते, असे सांगून वरिष्ठांनी त्याची समजूत घातली. कुशिंगला ती पटली नाही. वैद्यक सोडून द्यावे इतका तो हादरला होता. पुढे त्याने आणि त्याचा सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन याने जेवणाची पैज लावली, की आपल्यापैकी अधिक चांगली भूल कोण देतो ते पाहू. पैजेचा निकाल लावायचा तर पुरावा हवा. म्हणून १८९४ पासून ते दोघे शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची नाडी, श्वसन आणि इथरचे प्रमाण दर काही मिनिटांनी एका तक्त्यावर लिहू लागले.

भुलीचा तक्ता जन्माला आला तो असा, एका मृत्यूच्या अपराधी भावनेतून. त्यात पैशांचा विचार कुठेच नव्हता. पण या तक्त्याने पहिल्यांदाच भुलीला वेळेचा अक्ष दिला. भूल कधी सुरू झाली, मध्ये काय काय झाले, कधी संपली, हे कागदावर दिसू लागले. आज अमेरिकेत भुलीचे बिल तपासणारा माणूस सर्वांत आधी हाच तक्ता मागतो. रुग्णाच्या भल्यासाठी निर्माण झालेली मोजपट्टी पुढे मोबदल्याची मोजपट्टी झाली, असे या इतिहासात पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

परिचारिका आणि फीचा प्रश्न

विद्यार्थ्यांचे लक्ष उडते हे पाहून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक अमेरिकी सर्जन भुलीसाठी परिचारिकांकडे वळले. मिनेसोटातील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने या कामात असामान्य नाव मिळवले. १९०६ मध्ये तिने चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. कोणत्याही डॉक्टरने हेवा करावा असा हा आकडा.

पण परिचारिका पगारी असे. रुग्णालय किंवा सर्जन रुग्णाकडून भुलीची रक्कम घेई आणि परिचारिकेला महिन्याचा पगार देई. मधला फरक रुग्णालयाकडे राही. ज्या थोड्या डॉक्टरांनी केवळ भूल देणे हाच व्यवसाय करायचे ठरवले होते, त्यांना या व्यवस्थेत जागाच नव्हती. त्यांनी परिचारिकांविरुद्ध कोर्टाची पायरी चढली. भूल देणे म्हणजे वैद्यकीय व्यवसाय करणे, आणि तो परवान्याशिवाय करता येत नाही, असा त्यांचा दावा होता. लॉस एंजलिसमधील डॅगमार नेल्सन या परिचारिकेविरुद्धचा खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९३६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की सर्जनच्या देखरेखीखाली भूल देणारी परिचारिका बेकायदा वैद्यकी करत नाही.

निकाल परिचारिकांच्या बाजूने लागला, पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भूल ही सर्जनच्या कामाचा भाग आहे, हे त्या निकालाने मानले. म्हणजे लाँगच्या वहीतली एकच ओळ कायद्यानेही एकच ठेवली. डॉक्टर-भूलतज्ज्ञांना आता आपले वेगळेपण दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावे लागणार होते. राल्फ वॉटर्स यांनी १९२७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण सुरू केलेच होते. १९३८ मध्ये परीक्षा घेणारे मंडळ स्थापन झाले, तेही आधी शल्यचिकित्सेच्या मंडळाच्या छायेखाली. १९४१ मध्ये ते स्वतंत्र झाले.

त्याच १९४१ साली मेयर सॅकलाड यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह केलेल्या कामाचा निबंध प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या रुग्णालयांतील भुलीची आकडेवारी एकमेकांशी ताडून पाहायची तर रुग्ण मुळात किती आजारी होता हे एका भाषेत सांगता आले पाहिजे. म्हणून त्यांनी रुग्णाच्या शारीरिक स्थितीच्या पायऱ्या ठरवल्या. शस्त्रक्रियेचा धोका या पायऱ्यांनी मोजू नये, असे सॅकलाड यांनी तेव्हाच बजावले होते, कारण धोका शस्त्रक्रियेवर आणि सर्जनवरही अवलंबून असतो. साठच्या दशकात या पायऱ्या सुधारल्या गेल्या आणि आज जगभरचे भूलतज्ज्ञ त्या वापरतात. आपल्याकडे शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ फाइलवर ‘एएसए २’ किंवा ‘एएसए ३’ असे लिहितात ती हीच. अमेरिकेत मात्र तिसऱ्या पायरीला एक, चौथीला दोन आणि पाचवीला तीन जादा युनिटे असा हिशेब पुढे तिला जोडला गेला. आकडेवारीसाठी बनलेली ही दुसरी पट्टी, आणि तीही बिलात आली.

युनिटांचे गणित

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत खासगी आरोग्यविमा झपाट्याने पसरला आणि भुलीचे पैसे रुग्णाऐवजी विमा कंपनी देऊ लागली. कंपनीला दर हवा होता. तोवर अनेक ठिकाणी सर्जनच्या फीचा ठरावीक हिस्सा म्हणजे भुलीची फी, असा व्यवहार चाले. यातली विसंगती भूलतज्ज्ञांना रोज दिसत होती. सर्जनला पटकन उरकणाऱ्या पण मोठ्या फीच्या शस्त्रक्रियेत भुलीचे काम सोपे असू शकते. उलट क्षुल्लक शस्त्रक्रियेसाठी आलेल्या म्हाताऱ्या हृदयरोग्याला सुखरूप बाहेर काढताना भूलतज्ज्ञाचा घाम निघतो.

१९५६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांच्या कामांचे सापेक्ष मूल्य ठरवणारी यादी काढली. एका कामाच्या तुलनेत दुसरे किती पट, एवढेच त्यात सांगितलेले. डॉलरचा आकडा नाही. त्याच धर्तीवर अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्स या संघटनेने १९६२ मध्ये भुलीची स्वतंत्र मार्गदर्शिका स्वीकारली. तिची आजची रचना समजून घेतली की साऱ्या वादांची किल्ली हाती येते.

प्रत्येक प्रकारच्या भुलीला काही पायाभूत युनिटे दिलेली असतात. ती कामाची अवघडता दाखवतात. मोतीबिंदूला ४, पित्ताशयासारख्या पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियेला ७, सिझेरियनला ७, हृदय-फुप्फुस यंत्र लावून केलेल्या बायपासला १८. त्यात वेळेची युनिटे मिळवायची, सर्वसाधारणपणे दर १५ मिनिटांना एक. मग विशेष परिस्थितीची. रुग्ण एक वर्षाच्या आतला किंवा सत्तरीच्या पुढचा असेल तर एक, तातडीची शस्त्रक्रिया असेल तर दोन. आलेल्या बेरजेला एका युनिटच्या डॉलरमधील दराने गुणायचे.

समजा, पित्ताशय काढायला दीड तास भूल दिली. पायाभूत ७ आणि वेळेची ६, मिळून १३ युनिटे. दर २० डॉलर धरला तर २६० डॉलर. दर ६० डॉलर धरला तर ७८०. काम तेच, मिनिटे तीच. सारा फरक त्या शेवटच्या गुणाकारात आहे.

वेळ मोजण्यामागे तर्क आहे. शस्त्रक्रिया किती लांबेल हे भूलतज्ज्ञाच्या हातात नसते. सर्जन नवशिका असेल, पोटात जुने चिकटे असतील, मध्येच रक्तस्राव झाला, तर तास वाढत जातात आणि भूलतज्ज्ञाला उशाशी बसून राहावेच लागते. म्हणून घड्याळ. ते कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे हेही ठरलेले आहे. भूलतज्ज्ञाने रुग्णाला भुलीसाठी तयार करायला घेतले की सुरुवात, आणि रुग्ण शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीत सुखरूप सोपवला की शेवट.

कोडची रचनाही याच दृष्टीने झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ पासून डॉक्टरांच्या सेवांच्या कोडचा जो कोश काढला, त्यात शस्त्रक्रियेचे कोड हजारोंनी आहेत. भुलीचे तीनशेच्याही आत आहेत आणि ते शरीराच्या भागांनुसार लावलेले आहेत, डोके, मान, छाती, पोट, गुडघा असे. सर्जनने आत नेमके काय कापले यापेक्षा रुग्णाच्या शरीराचा कोणता प्रदेश उघडला, याच्याशी भूलतज्ज्ञाला कर्तव्य अधिक.

या मार्गदर्शिकेवरच १९७५ मध्ये अमेरिकी न्यायखात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. सगळे भूलतज्ज्ञ एकच तक्ता वापरतात म्हणजे त्यांनी संगनमताने दर ठरवले, असा आरोप होता. दुसऱ्या काही शाखांच्या संघटनांनी त्या सुमारास समझोते करून आपापल्या याद्या मागे घेतल्या. भूलतज्ज्ञांनी खटला लढवला. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तक्ता ही हिशेबाची पद्धत आहे, दर ज्याचा तो ठरवतो, असा या निकालाचा आशय. हा खटला हरला असता तर भुलीचे बिल कदाचित पुन्हा सर्जनच्या बिलाचा हिस्सा झाले असते.

सरकार पैसे देऊ लागते

दरम्यान त्याहून मोठी घटना घडली होती. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि वृद्धांच्या उपचारांचा खर्च केंद्र सरकारकडे आला. कायद्याचे दोन भाग होते. एकात रुग्णालयाचा खर्च, दुसऱ्यात डॉक्टरांची फी. भूलतज्ज्ञ कोणत्या भागात? इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस यांनी दुरुस्ती मांडली की भूल, क्ष-किरण, पॅथॉलॉजी आणि पुनर्वसन या सेवा रुग्णालयाच्या खर्चात धराव्यात, कारण रुग्ण या डॉक्टरांना निवडत नाही, ते रुग्णालयात असतातच. सिनेटने ती मान्य केली. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत मात्र ती वगळली गेली आणि भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या भागात आले. भुलीची वेगळी ओळ संघराज्याच्या कायद्यात आली ती या क्षणी.

डग्लस यांचा मुद्दा मात्र खोटा नव्हता. रुग्ण सर्जन निवडतो, भूलतज्ज्ञ निवडत नाही. पुढे पन्नास वर्षांनी याच फटीतून अमेरिकेतील अनपेक्षित बिलांचा प्रश्न उभा राहिला. रुग्णालय आणि सर्जन विम्याच्या यादीतले, पण टेबलाशी आलेला भूलतज्ज्ञ यादीबाहेरचा, आणि घरी आल्यावर हजारो डॉलरचे बिल. हा प्रकार रोखणारा कायदा २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला.

सरकार पैसे देऊ लागले तसे सरकारने प्रश्नही विचारले. एकच भूलतज्ज्ञ एकाच वेळी अनेक खोल्यांतील परिचारिकांवर देखरेख करतो आणि प्रत्येक खोलीचे पूर्ण बिल लावतो, हे दिसून आल्यावर १९८२ च्या कायद्याने आणि पुढच्या वर्षीच्या नियमांनी मर्यादा घातली. देखरेखीची फी हवी तर एका वेळी जास्तीत जास्त चार खोल्या, आणि प्रत्येक रुग्णाबाबत सात गोष्टी केल्याची नोंद हवी. आधी रुग्णाला तपासणे, योजना ठरवणे, भूल देताना आणि रुग्ण शुद्धीवर येताना स्वतः भाग घेणे, पात्र माणूस नेमणे, वारंवार लक्ष ठेवणे, हाकेच्या अंतरावर राहणे आणि नंतरची काळजी घेणे. आज बिलावर जी दोन अक्षरे असतात ती याचीच खूण. ‘एए’ म्हणजे डॉक्टरने स्वतः सगळे केले. ‘क्यूके’ म्हणजे दोन ते चार खोल्यांवर देखरेख केली. ‘क्यूझेड’ म्हणजे परिचारिकेने देखरेखीविना दिली. देखरेखीच्या प्रकरणात डॉक्टर आणि परिचारिका यांना निम्मे-निम्मे मिळतात.

परिचारिकांचा प्रवासही इथेच पूर्ण झाला. १९८६ च्या कायद्याने त्यांना मेडिकेअरकडून थेट मोबदला घेण्याचा हक्क दिला, तो १९८९ पासून अमलात आला. ॲलिस मॅगॉला जे लाभले नाही ते तिच्या वारसदारांना मिळाले. त्यांच्या नावाची स्वतःची ओळ बिलात आली.

सरकारी दराचा प्रश्न मात्र वेगळाच चिघळला. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ विल्यम शाओ यांच्या अभ्यासावर आधारलेली नवी मूल्यपद्धती १ जानेवारी १९९२ पासून साऱ्या डॉक्टरांना लागू झाली. भुलीची युनिटे व घड्याळ तसेच राहिले, पण तिचा युनिटमागचा दर वेगळा आणि बराच खाली ठरला. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये अहवाल दिला की भुलीच्या निवडक सात सेवांसाठी मेडिकेअर देत असलेली रक्कम खासगी विम्याच्या सरासरीपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी आहे. अलीकडच्या वर्षांत सरकारी दर युनिटला २० ते २२ डॉलरच्या घरात आहे. वृद्धांची संख्या जास्त असलेल्या भागात भूलतज्ज्ञ टिकत नाहीत याचे एक कारण ते हे सांगतात. खासगी विमाधारकांकडून जास्त वसूल करण्याचा दबावही इथूनच येतो.

आपल्या शहरांतून जाणारा कागद

या साऱ्या गणिताशी महाराष्ट्राचा एक खराखुरा संबंध आहे. अमेरिकेतील शस्त्रक्रियांचे कागद आज मोठ्या प्रमाणावर भारतात कोड केले जातात. हैदराबाद, चेन्नई, पुणे, मुंबई येथील कंपन्यांत जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंग शिकलेली मुले-मुली हे काम करतात. अमेरिकी संस्थेची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतात. समोर भुलीचा तक्ता असतो. सर्जनच्या शस्त्रक्रियेचा कोड पाहून त्याला जुळणारा भुलीचा कोड लावायचा, सुरुवात-शेवटाची मिनिटे काढायची, त्या वेळी तोच डॉक्टर आणखी किती खोल्यांत होता हे ताडायचे आणि दोन अक्षरे निवडायची. एक अक्षर चुकले तर रक्कम निम्मी होते किंवा नको तितकी वाढते आणि पुढे चौकशी होऊ शकते. प्रत्येक भुलीची वेळ ५ किंवा ० वरच संपत असेल तर तपासनीसाच्या भुवया उंचावतात, हे या मुलांना शिकवलेले असते. कुशिंग आणि कॉडमन यांनी पैजेसाठी आखलेला तक्ता त्यांच्या पडद्यावर असतो, आणि सॅकलाड यांची पायरीही.

घड्याळावर घाला

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये या इतिहासाला नवे वळण लागू पाहत होते. अँथम ब्लू क्रॉस ब्लू शील्ड या विमा कंपनीने कनेक्टिकट, न्यूयॉर्क आणि मिसुरी या राज्यांत जाहीर केले, की फेब्रुवारी २०२५ पासून प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी भुलीची ठरावीक मिनिटेच मान्य होतील. त्यावरच्या वेळेचे पैसे मिळणार नाहीत. बावीस वर्षांखालील रुग्ण आणि बाळंतपणे यांतून वगळली होती. कंपनीचे म्हणणे असे, की वेळ भूलतज्ज्ञ स्वतःच लिहितो, त्यामुळे ती फुगवली जाऊ शकते. यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. मोजणारा आणि पैसे घेणारा एकच असला की मोजमापावर शंका येणारच.

पण भूलतज्ज्ञांनी विचारले, शस्त्रक्रिया लांबली तर आम्ही काय करायचे? मिनिटे संपली म्हणून रुग्णाच्या उशापासून उठायचे? हा प्रश्न सामान्य माणसाला लगेच कळला. ४ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याच एका विमा कंपनीच्या प्रमुखाची हत्या झाली होती आणि विमा कंपन्यांविरुद्धचा राग उफाळलेला होता. राज्यांतील अधिकाऱ्यांनीही विरोध नोंदवला. ५ डिसेंबरला कंपनीने निर्णय मागे घेतला. ज्या युनिटांची नावेही लोकांनी ऐकली नव्हती, त्यांवरून काही दिवस देशभर चर्चा झाली.

या घटनेतून जे दिसते ते पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातूनही दिसते. भुलीच्या कामाला किंमत मिळवून देण्यासाठी जी जी पट्टी वापरली, तिने त्या कामाचा एक भाग दाखवला आणि एक लपवला. पायाभूत युनिटांनी अवघडता दाखवली. घड्याळाने सोबत दाखवली. दोन अक्षरांनी खोलीत प्रत्यक्ष कोण होते ते दाखवले. ज्या क्षणी रक्तदाब कोसळू लागला आणि कोणीतरी तो वेळीच सावरला, त्या क्षणाला मात्र कोणताही कोड नाही. तो कशातच मावत नाही म्हणून मिनिटांचे पैसे द्यायचे, हा या व्यवस्थेतला न बोललेला करार आहे. मिनिटांवर कात्री चालवणे म्हणजे तो करार मोडणे, म्हणून विरोध इतका तीव्र झाला.

आपल्याकडे चित्र बरेचसे लाँगच्या वहीजवळचे आहे. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत सर्जन, भूलतज्ज्ञ, औषधे, खाट या सगळ्यांचे मिळून एकच पॅकेज असते. लहान गावांतील नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ सर्जनच्या बोलावण्यावरून येतो, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि त्याची फी बहुधा सर्जनच ठरवतो. रुग्णाला एकच आकडा कळतो हे या व्यवस्थेचे सुख आहे. अमेरिकेतील रुग्णाला घरी बसून धडकी भरवणारी बिले इथे येत नाहीत. पण त्या आकड्यात उशाशी बसणाऱ्याचा वाटा किती, तो पुरेसा आहे का, आणि तो कमी पडला तर भूलतज्ज्ञ एकाच वेळी दोन टेबले सांभाळणार की काय, हे विचारायला त्यात जागा नाही. अमेरिकेने १९८२ मध्ये ‘एका वेळी किती खोल्या?’ हा प्रश्न विचारू शकली, कारण तिच्या बिलात ती ओळ वेगळी होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एक डॉक्टर येऊन तोंड उघडायला सांगतात, दातांची चौकशी करतात, दमा आहे का, काही गोळ्या चालू आहेत का हे विचारतात आणि निघून जातात. बऱ्याच घरांत सर्जनचे नाव वर्षानुवर्षे लक्षात राहते. या डॉक्टरांचे नाव विचारले तर कोणाला सांगता येत नाही. जुन्या डिस्चार्ज कार्डावर ते असते, बहुधा सर्जनच्या नावाखाली, लहान अक्षरात.